केळव्याला शिकाऊ लाट शोधताना

लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, याला सर्फिंग म्हणतात, हे आज कुणाला सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सात फुटी सर्फबोर्ड आला, तेव्हा शेजारच्या काकूंनी तो इस्त्रीचा टेबल समजून कौतुक केलं होतं.

बोर्ड आणला माझ्या धाकट्या दिरांनी. दिनेशभावजी मालवाहू जहाजावर होते. सुट्टीवर आले की काहीतरी अचाट घेऊन यायचे. हे माझ्या मुलीसाठी होतं. रोहिणी चौदा वर्षांची, तलावात माशासारखी पोहायची. समुद्रात मात्र मी तिला पाऊल टाकू देत नसे. माझ्या कॉलेजच्या सहलीत सुलभा नावाची वर्गमैत्रीण कमरेएवढ्या पाण्यातून डोळ्यांदेखत गेली. उत्तम पोहणारी होती. समुद्राने ओढून नेली, एवढंच सगळे म्हणाले.

म्हणून मी अटी घातल्या. तळ वाळूचा हवा, उतार मंद हवा, लाट कमरेच्या खाली हवी, खडक नको. यातलं एक चुकलं तर बोर्ड परत, आणि रोहिणीने स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत समुद्राचं नाव काढायचं नाही. तिने निमूट मान्य केलं. दुसरा मार्गच नव्हता.

दिवाळीनंतरचे दिवस निवडले. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे नवशिक्याने इकडच्या समुद्रात जाऊच नये. आमची कोळीण हिराबाई ठाण्याहून मासळी घेऊन यायची. तिची बहीण काशीबाई केळव्याला दिलेली. राहायची सोय तिथे झाली.

रोहिणी, भावजी आणि मी, तिघांनी कल्याणहून पालघरची एसटी धरली. जुन्या चादरीत गुंडाळलेला बोर्ड टपावर चढताना कंडक्टरने विचारलं, "मावशी, आत माणूस नाही ना?"

"असता तर तिकीट काढलं असतं," मी म्हटलं.

भिवंडी, वाडा, मनोर. रस्ता खड्ड्यांचा, पण वाड्यानंतर दोन्हीकडे जंगल होतं आणि हवा गार. वाड्याच्या स्टँडवर उसळपाव खाल्ला. झणझणीत होता, पाणी सोबत ठेवा. पालघरला गाडी बदलून केळव्याला पोचेपर्यंत दुपार टळली. नागवेलीच्या वाड्यांमधून गाडी वळली आणि सुरूच्या झाडांमागे पाणी दिसलं. एवढं मोकळं आकाश डोंबिवलीत कुठल्याही गच्चीवरून दिसत नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या माहीम गावाच्या बाजूला चालत गेलो. पाण्यातून काळे खडक डोकावत होते. ती बाजू बाद. रात्री काशीबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास केळव्याची वाळू पायाखाली घालून पाहिली. तळ मऊ, उतार जवळजवळ नाहीच. डावी-उजवीकडे छोट्या पांढऱ्या लाटा फुटत होत्या, पण मध्ये वीसेक पावलांचा पट्टा अगदी सपाट, गडद, शांत होता. जागा मीच निवडली.

"इथून जा," मी रोहिणीला सांगितलं. भावजींनीही मान हलवली.

काशीबाई जाळं वाळत घालत होत्या. त्यांनी हाक मारली, "बाय, पोरीला थांबव. तथं नको."

"का? तिथेच तर लाट नाही."

"म्हनून तर नको."

त्यांनी वाळूतलं नारळाचं एक सोडण उचललं आणि त्या शांत पाण्यात भिरकावलं. मला वाटलं, ते किनाऱ्याला येईल. ते निघालं उलट. सरळ आत, माणसाच्या चालीपेक्षा जोरात, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, आणि दिसेनासं झालं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"लाट फुटते तथं खाली जमीन हाय," काशीबाई म्हणाल्या. "नाय फुटत तथं खोल हाय. आलेलं सगळं पानी तथूनच परत जाते."

भावजी ओशाळून म्हणाले, "बारा वर्षं समुद्रावर आहे, वहिनी. जहाजावरून हे दिसत नाही."

"जहाज पान्यात पाय टाकते होय?" काशीबाई हसल्या.

मी वाळूवर बसले. वीस वर्षांनी मला कळलं, सुलभा कशी गेली. तीही शांत पाणी बघूनच उतरली असणार.

माझ्या अटी चारही पूर्ण होत होत्या आणि तरी मुलगी गेली असती. रोहिणी बोर्ड उचलून परत चादरीत गुंडाळू लागली. न सांगता. तिने हिशेब केला होता की आता संपलं.

"राहू दे," मी म्हटलं. "काशीबाई, ही कुठून जाईल? आणि कधी?"

"आज अष्टमी, भांगाचं पानी. भरतीला जोर नाय," त्या म्हणाल्या. "तीन वाजता चढती लागली की त्या पांढऱ्या लाटंवर. पन कमरंच्या वर नाय जायाचं."

तीन वाजता मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. भावजी पुढे, काशीबाई शेजारी. रोहिणी सतरा वेळा पडली असेल. मग एक लाट तिच्या मागे फुटली, फेसाने बोर्ड उचलला आणि ती उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले. एवढा मोठा समुद्र तिला पाठीवर घेऊन माझ्याकडे येत होता, आणि त्याला तिचं जराही ओझं नव्हतं. मी हात पुढे केला नाही. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि वाळूवर उतरली.

"तुजी हाय खरी," काशीबाई म्हणाल्या. "हट्टी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. यजमानांनी विचारलं, "मग, पुन्हा नाव काढायचं नाही ना?" रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "समुद्र बघून ठरवू."

भीती गेली नाही. पाण्यावर शेवटचा दिसलेला सुलभाचा हात आजही डोळ्यांसमोर येतो. पण त्यानंतर रोहिणी बऱ्याच समुद्रांत उतरली, आणि प्रत्येक नव्या किनाऱ्यावरून आधी मला फोन करते. सांभाळून जा, असं मी तिला सांगत नाही. विचारते, "कुठे फुटते आहे?" ती नीट बघून सांगते. मग मी फोन ठेवते.