कच्चा लिंबू

आज लोणच्यासाठी हिरवी लिंबं चिरायला घेतली आणि त्या उग्र वासानं मला जुना राग पुन्हा आला.

पिरंगुटजवळच्या आमच्या खळ्यावर आम्ही मुली लंगडी खेळायचो. मी सगळ्यांत लहान, म्हणून थोरली बहीण हौसाक्का मला कच्चा लिंबू करायची. मला शिवलं तरी मी बाद नाही. मग कुणी शिवायचंच नाही. मी उगाच रिंगणभर धावत असायची.

एका संध्याकाळी शेजारची शकू लंगडी घालत आली आणि चुकून तिचा हात माझ्या पाठीवर पडला. मी तडक बाद झालेल्यांत जाऊन बसले.

"ए, आत ये की! तू कच्चा लिंबू हायेस," हौसाक्का ओरडली.

"मी बाद हाय."

"बाद व्हायला कोण भांडतं का? येडी हाय का तू?"

"शिवलं न्हवं तिनं? मग बाद!" एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

शकू एका पायावर ताटकळली होती. "आक्का, होऊ दे की तिला बाद! पाय दुखतुया माझा."

"बरं, बाद! बस तितंच," हौसाक्का चिडून म्हणाली.

पेंढा पायांना टोचत होता, तरी मी हलले नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा खेळले, असं आता वाटतं.

एवढ्यात अंगणातून नातू ओरडला, "आज्जी, बॅटिंगला ये! तू कच्चा लिंबू, आऊट झालीस तरी चालंल."

मी विळी आडवी केली आणि उठले. "आऊट धरणार असशील, तरच येते," मी म्हटलं.