जिन्याखालची जनूबाई

जनूबाई सरकारशी ओरडून बोलत असे. आम्हा जिन्याखाली बसणाऱ्यांना त्याची सवय झाली होती; नवख्या माणसाला मात्र वाटायचे, बाई भांडते आहे. भांडण मुळीच नसायचे. जिन्याच्या पायथ्याशी फळकुटावर बसून, मान वर करून ती एवढेच विचारायची, "ओ भाऊसायब, माझी पाळी कवा येल?" वरून उत्तर क्वचितच यायचे. मी एकदा म्हटले, "जनूबाई, जरा हळू. सरकार काही बहिरे नाही." त्यावर ती म्हणाली, "बहिरं नाय रं रायटर, उंच हाय."

मी त्या काळी कल्याणात लोकांचे अर्ज लिहून देत असे. भाड्याच्या एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर सरकारी दप्तर होते आणि खाली गवताची वखार. मधे लाकडी जिना, इतका उभा की धरायला दोर बांधलेला. धडधाकट माणूससुद्धा वर पोचला की आधी धाप टाकी, मग नमस्कार करी. दप्तर कुठल्या खात्याचे ते सांगून उपयोग नाही. तेव्हा सगळ्याच खात्यांना वरचा मजला आवडायचा, वारा येतो म्हणून.

जनूबाई खाडीकाठच्या आगरी वस्तीतली. मिठागरातून भरून निघालेल्या गाडीचे चाक तिच्या दोन्ही पायांवरून गेले तेव्हा ती ऐन तिशीत होती. पुढे नवरा गेला. मूलबाळ नव्हते. उरली ती खाडीलगतची भाताची खाचरे, ती कुळाने कसत असे. नवा कूळकायदा आला, कसणाऱ्याचे नाव लागायची वेळ आली आणि जमीनमालकाने हरकत घेतली, की पांगळी बाई शेत कसते हे धादांत खोटे. तेव्हा वर जाऊन साहेबासमोर 'मी कसते' एवढेच तिला सांगायचे होते. नाही सांगितले तर खाचरे जाणार होती, आणि खाचरांवाचून तिचे या जगात काही नव्हते.

ती कसत होती हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात बसून, हातांवर भार देत ती मागे मागे सरकायची आणि पुढ्यात रोपे खोचत जायची. तिची ओळ इतर बायकांच्या ओळीपेक्षा वाकडी नसे. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बघतोस काय? लावनीला समदेच मागं मागं जातात. समदे वाकतात. मी आधीच खाली हाय, माझं कंबरडं तरी दुखत नाय."

पहिल्या तारखेला मीच हमालांना सांगून तिला खुर्चीत बसवून वर नेले. मला वाटले, मोठा उपाय काढला. वर खुर्ची टेकली तसे दोन कारकून हसले. एक म्हणाला, "आली आली, पालखी आली!" साहेब जेवायला गेले होते, परत आलेच नाहीत. तिला तशीच खाली आणली. खाली टेकल्यावर म्हणाली, "पालखीत देव जातो, तिरडीवर मढं जातं. मी दोनातलं कंचं रं?" त्यानंतर तिने कोणाला उचलू दिले नाही. मला तिचा राग आला होता. हट्टी बाई, कोणी हसले म्हणून काय खाचरे घालवायची? पण खुर्चीत मी बसलो नव्हतो.

मग मी मुखत्यार नेमायचे सुचवले. नियम निघाला, मुखत्यारपत्रावरचा अंगठा साहेबांसमोर द्यायचा. साहेब वर.

पुढच्या तारखेला ती पहाटेच गावातून बैलगाडीने निघाली. पदर कमरेला खोचून जिन्याला पाठ लावली आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी उलटी चढू लागली. "लावनीच हाय ही," म्हणाली. कामाला आलेले लोक तिच्या अंगावरून ढेंगा टाकून वर जात होते. दप्तराचा रिवाज असा, की शिपाई गॅलरीत येऊन नावाचा तीन वेळा पुकारा करी, आणि तेवढ्यात पक्षकार टेबलासमोर उभा राहिला नाही तर गैरहजर. जनूबाई अर्ध्या जिन्यात असताना तिचे नाव पुकारले गेले. ती तिथून "आलू, आलू!" ओरडत होती. वर पोचली तेव्हा पुढचे काम सुरू झाले होते. तळहात सोलवटलेले घेऊन ती तशीच उलटी खाली आली.

एक साहेब त्यातल्या त्यात बरे होते. मी अर्ज दिला, पाच मिनिटे खाली यावे, बाईचे म्हणणे ऐकावे. ते खरोखरच जिन्याच्या तोंडाशी आले, दोर धरला, दोन पायऱ्या उतरलेदेखील. जनूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. तेवढ्यात खाली जमलेली माणसे त्यांना दिसली. ते थबकले आणि हेडक्लार्कला म्हणाले, "आज हिच्यासाठी उतरलो, तर उद्या अख्खा तालुका पांगळा होऊन येईल." ते परत वर गेले. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली.

शेवटच्या तारखेला पुकारा झाला तेव्हा ती पायथ्याशीच होती. तळहातांच्या जखमा भरल्या नव्हत्या. पहिल्याच हाकेला तिने खालून खणखणीत "हजर!" म्हटले. दुसऱ्या हाकेला म्हटले, तिसऱ्यालाही म्हटले. शिपाई भला माणूस. आत जाऊन म्हणाला, "साहेब, बाई खालून ओ देतेय." नवे साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले, "खालची ओ धरत नाहीत."

जनूबाई त्यानंतर फार दिवस जगली नाही. खाचरे गेल्यावर लांबच्या भाचीच्या पडवीत राहिली, आणि एका हिवाळ्यात गेल्याचे मला कोणीतरी बाजारात सांगितले. ठाण्याला अपील करा, असे मी तिला म्हणालो होतो. तिने विचारले होते, "तिथला साहेब कुठं बसतो?" मी चौकशी केली होती. तोही वरच बसत होता.

पण माझ्या मनातून निघत नाही ती निकालाची सकाळ. हुकमाची नक्कल आणून मी तिला वाचून दाखवली. अर्जदार पुकारूनही हजर न राहिल्याने अर्ज काढून टाकला आहे. तिने ते पुन्हा वाचायला लावले. रडली नाही, ओरडलीही नाही. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "हजर नवती, असं लिवलंय?"

"हो."

"मंग मी कुठं होती रं?"

जिन्यावर माणसांची ये-जा चालू होती. वरून एक कारकून घाईने उतरला, शेवटच्या पायरीशी अडला आणि त्रासून म्हणाला, "बाजूला हो गं बाई, वाटेत काय बसलीस?"

जनूबाई बाजूला सरकली.