सव्वा महिना जपलेला हात

डॉक्टरांनी आधी ह्यांचा डावा दंड टेपनं मोजला, मग उजवा. कोपरापासून चार बोटं वर, दोन्हीकडे एकाच जागी. डावा अठ्ठावीस सेंटिमीटर, उजवा पंचवीस.

"मसल अ‍ॅट्रॉफी," ते म्हणाले. म्हणजे वापर नसल्यानं स्नायू वाळणं. "हाड छान जुळलंय. प्लॅस्टर निघाल्यावर व्यायाम का केला नाही?"

मी पिशवीतून वही काढली. मी सगळं वहीत लिहिते. "हात जपा, असं तुम्हीच सांगितलं होतं," मी वाचून दाखवलं.

"त्याच्या पुढचं वाक्य? थोडा थोडा वापरत राहा म्हणालो होतो."

वहीत ते वाक्य नव्हतं. 'जपा' एवढाच शब्द होता, खाली दोन रेघा मारलेला.

"कोणी जपला?"

"मी."

"मग तुम्हीच वाळवला, बाई."

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

हे कसं झालं ते सांगते, कारण प्लॅस्टर निघालेला माणूस पुष्कळ घरांत असतो आणि आमची चूक कुठल्याही घरात होऊ शकते. आम्ही आखाडा बाळापूरला राहतो. चार म्हशी, गावात घरोघर दुधाचा रतीब. म्हशीला पाणी पाजून आणताना ह्यांनी दावं हाताला गुंडाळून घेतलं होतं. मागून ट्रकनं हॉर्न दिला, म्हैस उधळली, हे कोपरावर आपटले. दंडाचं हाड कोपराजवळ मोडलं. दीड महिना प्लॅस्टर.

प्लॅस्टर निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता सव्वा महिना हाताला वारं लागू द्यायचं न्हाई. बाळंतिणीवानी जपायचं." मला ते पटलं. बाळंतपणाला सव्वा महिना असतो, मग हाडाला का नको? मी वहीत सदतीस दिवसांचे चौकोन आखले आणि रोज एक खूण केली. हात गळ्यातल्या झोळीत. घास मी भरवायचा, बटणं मी लावायची, आंघोळ मी घालायची. एक दिवस चुकला नाही. इतक्या शिस्तीत मी माझ्या नवऱ्याचा हात निकामी करत होते.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली, म्हणजे औषधाऐवजी हालचालींनी उपचार. हिंगोलीच्या थेरपिस्ट बाई लहान वयाच्या, तोंडानं फटकळ. त्यांनी ह्यांना दोन्ही हातांत काठी धरून वर न्यायला सांगितली. काठी छान वर गेली. हे खूश झाले.

"डाव्यानं नेली. उजवा नुसता मिरवणुकीत होता," बाई म्हणाल्या. "दोन हात जोडीनं वापराल तर दांडगा हात दुबळ्याचं काम चोरतो. प्रत्येक हाताचं काम वेगळं. आधी दुबळा. तो जितक्या वेळा करील, तितक्याच वेळा दांडग्यानं करायचं. एकदाही जास्त नाही. डाव्याला मिशांवर ताव मारू देऊ नका."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, ह्यांचं काही करायचं नाही."

घरी येऊन मी वहीचं पान उलटलं आणि काय करायचं नाही याची यादी केली. घास नाही. बटण नाही. तांब्या उचलून द्यायचा नाही. जेवताना डावा हात मांडीखाली.

पहिल्या दिवशी ह्यांचा उजवा हात तोंडापर्यंत पोचेना. मानच ताटाकडे वाकायची. अर्धी भाकरी संपायला पाऊण तास लागला. वरण अंगावर सांडलं. मी समोर बसून पाहत राहिले.

सासूबाईंना ते बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यातून आले, तर त्या ह्यांना भाकर कुस्करून भरवत होत्या. मी ताट ओढून घेतलं.

"काहून छळून राहिली माझ्या लेकराला?" त्या ओरडल्या.

"तुमचं लेकरू एक्कावन्न वर्षांचं आहे, आत्याबाई."

"कसाईण हायेस तू," हे म्हणाले. शेजारीण दारात उभी होती. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या गल्लीला माहीत झालं.

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन कोपर वाकवायचं. पहिल्या आठवड्यात उजव्यानं सहा वेळा. हे डाव्यानं मुद्दाम तीस वेळा करून दाखवायचे, मी बाटली काढून घ्यायचे. पकडीसाठी कणकेचा गोळा दाबायचा. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं होतं. तो सगळा राग गोळ्यावर निघायचा, ते एक बरं झालं.

माझी दुसरी चूकही सांगते. दिवाळी जवळ येत होती. दोन म्हशींच्या धारा मी काढत होते, उरलेल्या दोघींच्या माझे दीर. दिरांनी सांगून टाकलं होतं, "वहिनी, दिवाळीपस्तोर मी हाये. मग दादाला जमलं न्हाई तर दोन इकून टाका." म्हणून मी घाई केली. बाटली एक लिटरची केली आणि आखडलेलं कोपर जोरानं ओढून सरळ करायला लागले. हे कळवळले, मी थांबले नाही. सकाळी कोपर सुजून गरम झालं होतं. थेरपिस्ट बाई मला नको नको ते बोलल्या. आठ दिवस सगळं बंद. स्नायूला थकवा आला तर चालतो. सांधा सुजला, गरम झाला, तर थांबायचं आणि दाखवायचं. कोपर कधीही ओढायचं नाही. हे मी ह्यांच्या दुखण्यावर शिकले.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी हे धारेला बसले. डावीकडची धार बादलीत दणदणत होती, उजवीकडची नुसती ठिबकत होती. म्हशीला तो फरक कळला. तिनं पान्हा चोरला, मग लाथ मारली. बादली उपडी.

"दादा, म्हैस म्हणून राहिली, दुसरा गडी आणा," दीर हसले. हे उठून निघून गेले. मी त्यांना परत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी बादली त्यांच्यासमोर ठेवली आणि बाजूला झाले. आधी नुसता उजवा हात, मग डावा. रोज तसंच.

जिच्या धारा जड निघतात ती म्हैस शेवटी विकावी लागली. तिला ह्यांचा हात पुरला नाही. उजवा दंड अजून एक सेंटिमीटरनं बारीक आहे. कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि होणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. जे आहे ते एवढंच. एवढ्यावर तीन म्हशी आणि रतीब टिकला.

वसुबारसेच्या सकाळी ह्यांनी पहिल्यांदा एका म्हशीचं दूध एकट्यानं पूर्ण काढलं. सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. "देवानं केलं रे बाबा."

"देवानं न्हाई, माय," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हिनं केलं. देव एवढा निर्दयी न्हाई."

 बादली काठोकाठ भरली होती. ती ह्यांनाच उजव्या हातानं उचलू दिली.