शिल्लक राहिलेली रजा
काकवीचा वास आला की आजही मला माझं खोटं बोलणं आठवतं. इंग्लंडात नोकरीला गेलो त्या वर्षी माझ्या गावाच्या, आष्ट्याच्या आठवणीनं घास उतरत नसे. पुढे आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात रजेवर आलो, तर आठवड्यातच तिकडची भाड्याची खोली आठवू लागली. स्वतःचीच लाज वाटली. "रजा संपली," असं आईला सांगून मी बॅग भरली. गुऱ्हाळावर वडिलांनी काकवीची वाटी पुढे केली. ते फौजेतून निवृत्त झालेले. "तिकडची याद येती व्हय रं?" मी मान खाली घातली. ते हसले. "रजेवर आलो की मलाबी लय पलटण आठवायची. तुझ्या आईला अजून सांगितलं न्हाई, गड्या!" छातीवरचं ओझंच उतरलं. घरी येऊन मी आईजवळ बसलो. म्हणालो, "आई, रजा अजून हाय. खोटं बोललो गं. चुकलं माझं."