खोक्यातला रेकॉर्डर

माझा नवरा कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न एकच विचारायचा, ही इंडियात चालेल का. इस्त्री घेताना विचारायचा, मिक्सर घेताना विचारायचा. एकदा रोल्लाच्या बाजारात गादी घेतानासुद्धा विचारलं, तेव्हा दुकानातला पठाण माझ्याकडे बघून हसला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वस्तू आज, शारजात, आपल्या घरात चालेल का, हे मात्र त्याने तिथल्या इतक्या वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नाही. या गोष्टीचा मला राग होता, अजून आहे, आणि तो कमी करायचा माझा काही विचार नाही.

आमच्यासारखी घरं तिथे रग्गड होती, हे मान्य. प्रत्येकाच्या पलंगाखाली खोकी असायची, आणि ती 'फॉर गुड' जाताना न्यायची असायची. फॉर गुड म्हणजे कायमचं भारतात परतणं. कधी, ते कुणाला विचारू नये. आमचा डिनर सेट थर्मोकोलमध्ये झोपला होता आणि आम्ही फुलं उडालेल्या मेलामाईनच्या ताटल्यांत जेवत होतो. गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटामागे उभा केला होता आणि मुलगी फरशीवर चटई टाकून अभ्यास करत होती. बदलापूरला आम्ही फ्लॅट बुक केला होता. ती इमारत अजून जमिनीतून वर आली नव्हती, पण तिथल्या हॉलमध्ये कुठलं घड्याळ लागणार हे ठरलं होतं, आणि ते घड्याळ इथे कपाटात सेलशिवाय पडून होतं. मी काही बोलले, की नवरा शांतपणे म्हणायचा, इथे काय, आपण पाहुणे. पाहुण्यांनाही चांगल्या कपबशीत चहा देतात, हे मी त्याला कितीदा ऐकवलं असेल.

तर अशा घरात डिजिटल रेकॉर्डर यायचा होता. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बिल्डिंगच्या गच्चीवर मालकाने एक मोठी डिश लावली होती आणि तिची वायर सगळ्या फ्लॅटमध्ये फिरवली होती. त्या वायरीवर आम्हाला मराठी चॅनल दिसायचं, आणि जुन्या व्हीसीआरवर ते टेपही करता यायचं. मग एक दिवस नातूरने, म्हणजे आमच्या वॉचमनने, लिफ्टमध्ये कागद चिकटवला. महिनाअखेरीला जुना अ‍ॅनालॉग सिग्नल बंद होणार, पुढे ज्याला बघायचं असेल त्याने आपापला डिजिटल रिसीव्हर आणावा. बाजारात तेव्हा एक नवं मशीन आलं होतं, ज्यात रिसीव्हरही होता आणि कार्यक्रम साठवायची डिस्कही. वेळ लावून ठेवली की आपण घरी नसलो तरी कार्यक्रम आपोआप आत जाऊन बसणार. असं मशीन घ्यायचं, एवढं तरी आमचं दोघांचं एकमत झालं.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. माझे बाबा राजापूरच्या बाजूला एका खेड्यात शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पूर्णवेळ आंब्याची कलमं बांधायला घेतली. कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाला चीर देऊन त्यात हापूसची काडी बसवायची आणि पट्टी आवळायची. बघायला सोपं, पण दुसऱ्या कुणी बांधलेली निम्मी कलमं सुकायची आणि बाबांची जगायची. मराठी चॅनलवर सकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा, त्याची माणसं गावात येऊन बाबांचं चित्रण करून गेली होती. हा माणूस लग्नाच्या फोटोतही कडेला उभा राहणारा. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज उत्साहाने चढला होता. कॅमेरावाल्याने नुसते हात मोठे करून घेतले म्हणे, दोनदा घेतले. आई म्हणत होती की मुलीने पाठवलेला शर्ट घाला, तर यांनी जुनी बंडीच घातली. आंब्याचा चीक उडतो, शर्ट खराब होईल, असं म्हणाले. मी हसले.

कार्यक्रम पुढच्या महिन्यात लागणार होता. बाबा म्हणाले, "तुझ्याकडे मशिनं आहेत. तू टेपवर घेऊन ठेव. मे महिन्यात येशील तेव्हा सगळे मिळून बघू." गावात डॉक्टरांकडे व्हीसीआर होता. डॉक्टर आपणहून टेप करतो म्हणाले, तर बाबांनी त्यांना नको सांगितलं. दुबईला मुलगी असताना दुसऱ्याला कशाला त्रास. गावाच्या लेखी शारजा, अबुधाबी, मस्कत, सगळी दुबईच, आणि दुबईच्या घरात नाही अशी वस्तू जगात नाही. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, की काळजी करू नका.

मग निवड सुरू झाली. माझा नवरा ड्राफ्ट्समन. रेघ मारण्याआधी तीनदा मापणारा. दर शुक्रवारी आम्ही दुबईत करामाला, नाहीतर रोल्लातल्या दुकानांत हिंडायचो. एका मशीनची डिस्क मोठी, पण त्याची पिन इंडियातल्या प्लगमध्ये बसेना. दुसऱ्याची पिन बसायची, पण दुरुस्तीचं सेंटर मुंबईत नव्हतं. तिसरं सगळ्यात साधं आणि स्वस्त होतं, ते तर त्याने हातातसुद्धा घेतलं नाही, कारण उद्या बदलापूरच्या हॉलमध्ये ते शोभलं नसतं. प्रत्येक किंमत दिरहममध्ये ऐकायची, तिचे रुपये करून मोठ्याने म्हणायचे आणि मला ऐकवून निःश्वास टाकायचा. शेवटी एका सिंधी दुकानदाराने त्याला बरोबर ओळखलं. "साब, ये इंडिया में भी चलेगा, अफ्रीका में भी चलेगा," असं तो म्हणाला, आणि नवऱ्याने पाकीट काढलं. सिग्नल बंद व्हायला अजून अवकाश होता. मला वाटलं, चला, वेळेत झालं.

घरी आल्यावर त्याने खोकं दिवाणावर ठेवलं, त्याच्यावरून हात फिरवला, चारही बाजू वाचून काढल्या. मी कात्री आणली, तर म्हणाला, थांब. इतकी चांगली वस्तू इथल्या वाळूत कशाला खराब करायची? खिडकीच्या फटीतून धूळ येते, बिल्डिंगची वायरिंग जुनी. शिवाय त्याच्या ऑफिसातला एक सहकारी फॉर गुड निघाला होता. त्याच्याकडे साधा रिसीव्हर होता, तो आपल्याला मिळणारच आहे. तो जुन्या व्हीसीआरला जोडू, इथलं काम भागेल. हे नवीन तसंच राहू दे. मी म्हटलं, मग इतके शुक्रवार पायपीट कशासाठी केली? त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर खोक्यावर छापलेलं आहे आणि मलाच वाचता येत नाही. खोकं कपाटावर चढलं.

दुकानातून फिटिंगचा माणूस फोन करून विचारायचा, कधी येऊ. नवरा त्याला सांगायचा, अभी नहीं. महिना संपला आणि लिफ्टमधल्या कागदाने शब्द पाळला. सकाळी टीव्ही लावला तर मराठी चॅनलच्या जागी नुसत्या मुंग्या. सहकाऱ्याचा रिसीव्हर मात्र येत नव्हता. त्याचा तिकिटाचा घोळ, मग सामानाचा घोळ. दर वेळी त्याचं उत्तर, "इन्शाल्ला, कल." आमच्या ओळखीतला खरोखर फॉर गुड जाणारा तो एकटाच माणूस, आणि त्यालाही जायचं जिवावर आलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी किती वेळा आठवण केली, ते सोडा. त्या संध्याकाळीही सहकारी आला नाही. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, खोकं उतरवा. नवरा म्हणाला, तो सकाळी ऑफिसला जाता जाता देणार आहे, पक्कं सांगितलंय, मी हाफ डे घेतलाय, मीच जोडतो आणि टेप लावतो. उगाच आता काढलं तर फिटिंगवाल्याशिवाय ते लागणारही नाही. हे शेवटचं खरं होतं, आणि याचीच मला जास्त चीड आली. इतके दिवस त्या फिटिंगवाल्याला यानेच थोपवून धरलं होतं. आमची मुलगी चटईवरून आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "डॅडी, जस्ट ओपन द बॉक्स." हा म्हणाला, "बेटा, दॅट्स फॉर इंडिया." ती म्हणाली, "बट वी आर नॉट इन इंडिया." आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते याला कळलं नाही. तो तिला जेवायला बस म्हणाला.

मी दुबईत एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर होते. सकाळी सातला व्हॅन यायची, रजा मिळणं शक्य नव्हतं. कार्यक्रमाच्या वेळी मी पेशंटना टोकन देत होते आणि मनात म्हणत होते, आता काडी कापली असेल, आता पट्टी आवळत असतील. बाबा पट्टीचं टोक दातात धरतात. कॅमेऱ्यासमोर धरलं असेल का, याचं मला कुतूहल होतं. दिवसभर मी खुशीत होते.

संध्याकाळी घरी आले तर नवरा चहा करत होता. तो कधी चहा करत नाही. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं आणि त्याने गॅसकडे बघत सांगितलं, की सहकारी आलाच नाही. त्याने तो रिसीव्हर दुसऱ्याच कुणाला विकला होता. "रिपीट होतो गं," नवरा म्हणाला. "सगळं रिपीट होतं हल्ली."

मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली, स्टुलावर चढले आणि खोकं खाली ओढलं. चिकटपट्टी कापली, पुठ्ठा फाडला. थर्मोकोलचे दाणे घरभर झाले. आणि तेव्हा, मी रडत असताना, हा माणूस काय म्हणाला? "अगं, फाडू नकोस. नीट उघड, परत पॅक करायला लागेल." मी त्या खोक्याचे इतके तुकडे केले की त्यात पुन्हा काडेपेटीसुद्धा बसली नसती.

दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला. अर्ध्या तासात चित्र लागलं, आरशासारखं स्वच्छ. बाबांच्या कार्यक्रमाची वेळ आम्ही लावून ठेवली. पुढच्या खेपेला त्यात शेळीपालन आलं, त्यानंतर मधमाश्या. मी चॅनलच्या मुंबईच्या ऑफिसला फोन केला, तर एका मुलीने माझं ऐकून न घेता दुसरीकडे जोडून दिला आणि तिथे कुणी उचललाच नाही. बाबा पुन्हा लागले नाहीत. शेळ्या मात्र आमच्या डिस्कवर पुष्कळ दिवस होत्या.

पण ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी शुक्रवार आला. शुक्रवारी फोन स्वस्त पडायचा, म्हणून गावाला फोन त्याच दिवशी. मी मनाची तयारी करून बसले होते, की बाबा कार्यक्रमाचं सगळं वर्णन करतील आणि मी ऐकून घेईन, मग हळूच सांगेन. बाबांनी पहिलंच वाक्य टाकलं, "कसा दिसलो?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबलेच नाहीत. ते बोलत राहिले. त्यांच्याकडे नेमकी लाईट गेली होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच गेली, ती दुपारी आली. अर्धी वाडी ओटीवर जमली होती, आईने सगळ्यांना पोहे केले होते. लोक हळहळायला लागले, तर बाबांनीच त्यांची समजूत काढली. काही बिघडलं नाही, मुलीने घेतलेलं आहे, मे महिन्यात सगळे या. "हात नीट दिसतात का गं?" त्यांनी विचारलं. "तो कॅमेरावाला म्हणाला होता मोठे करून दाखवतो."

म्हणजे त्यांनी पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना नको म्हणून सांगितलेलं. माझ्या भरवशावर हा माणूस स्वतःला न बघता चार दिवस मजेत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर बसून मान हलवत होता, आत्ता सांगू नकोस, अशी. मी सांगितलं. "बाबा, नाही घेतलं. आमचं नवीन मशीन खोक्यातच होतं. इंडियात न्यायचं म्हणून उघडलं नव्हतं."

मला वाटलं, आता बाबा चिडतील. मला ते हवं होतं. शाळेत त्यांच्या आवाजाने पोरं चळाचळा कापायची, त्या आवाजात त्यांनी जावयाला एकदा खडसवावं, म्हणून मी फोनचा रिसीव्हर नवऱ्याच्या हातात द्यायला पुढेसुद्धा केला होता. पलीकडून आवाज आला. मी रिसीव्हर परत कानाला लावला.

"नवीन वस्तू आहे," बाबा म्हणाले. "जपून ठेवलीत ते बरं केलंत." आणि त्यांनी नातीच्या परीक्षेचं विचारलं.

नवऱ्यावर मी ओरडले, पुढे कित्येक वर्षं ओरडत राहिले. बाबांवर कसं ओरडायचं? परीक्षा चांगली गेली म्हणून सांगितलं, आईशी दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला. काय म्हणाले, असं नवऱ्याने विचारलं. मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, जपून ठेवलीत ते बरं केलंत म्हणाले. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी त्याची मान खाली जाईल. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला आणि तो म्हणाला, "बघ. बाबांना पटलं."