जिऱ्याच्या पुडीतली बाई

आमच्या घरातलं जिरं संपायला तयार नव्हतं, तिथून हे सुरू झालं.

मी मोजणी खात्यात होतो. शेतांच्या हद्दी मोजणं हे माझं काम. बांध इथेच होता असं दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या जागांवर उभे राहून शपथेवर सांगतात, आणि साखळी टाकली की दोघेही खोटे ठरतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. त्यामुळे कोणाच्या बोलण्यावर एकदम विश्वास ठेवायची सवय घरीही उरली नव्हती. महिन्याचा किराणा मी स्वतः आणत असे आणि कोणता डबा किती पुरतो याचा मला अंदाज होता. जिऱ्याचा डबा तळाला लागायला हवा होता, तेव्हा तो गळ्यापर्यंत भरलेला निघाला. शेजारी ओवा आणि बडीशेपही हिशेबापेक्षा जास्त. बायकोला विचारलं तर म्हणाली, संपलं होतं, पोरीकडून आणवलं. एवढं गळ्यापर्यंत कशाला आणवलं, हे तिने सांगितलं नाही. ती लगेच भाकरी थापायला लागली. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे पोळ्या होत्या.

तेव्हा आम्ही लोणारला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. दुकानांत ग्रॅमची वजनं आली होती, पण बायका छटाक-पावशेरच मागत. मुलगी अकरावीत होती, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला. मला परीक्षेला बसू द्या, मग तुम्ही म्हणाल ते करीन, असं तिने मागून घेतलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

माझे थोरले भाऊ साखरखेर्ड्याला शेती पाहत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी तिच्यासाठी एक ग्रामसेवक मुलगा पाहिला होता. स्थळ चांगलं होतं, आणि माघातच उरकून टाकू, असा त्यांचा आग्रह होता. परीक्षा मार्चात. माघात लग्न म्हणजे परीक्षा गेली. बरीच बोलाचाली होऊन दादा एका अटीवर थांबायला तयार झाले. पोरीच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नसली, तर मुलाकडच्यांना ते स्वतः थांबवतील. पण काही कानावर आलं, तर पुस्तकं बांधून ठेवायची. अट मला वाजवी वाटली. मी मान्य केली.

आणि त्यांच्या कानावर आलं. एका बाजारच्या दिवशी ते आले, चहा झाला, आणि पोरगी पाण्याला गेल्याचं पाहून म्हणाले, "तुही पोरगी भरदुपारी किराण्याच्या दुकानाशी उभी राहून बोलते म्हंतात. दुकानदार गड्याशी एवढं काय बोलनं राह्यते बे? तुह्या घरात रोज काय संपते?"

मला जिऱ्याचा डबा आठवला.

"पुढच्या बाजारी येतो," ते म्हणाले. "मले साफ सांगजो. हाय तं हाय, नाही तं नाही."

म्हणजे मला एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंतचा वेळ होता. दुसऱ्या दिवसापासून मी घरच्या मोजणीला लागलो. आमच्या दारापासून त्या दुकानापर्यंत वाटेत आणखी दोन किराणा दुकानं होती. पोरगी दोन्ही टाकून तिसऱ्यात जात होती. ती शाळेतून आल्यावर, दुपारी, गल्ली झोपलेली असताना जाई, आणि दर वेळी आणे एवढंसं, चिमूटभर म्हणावं असं. त्या दुकानदाराला मी ओळखत होतो. चाळिशीचा, कमी बोलणारा, वजनाला चोख. चोख माणसाचा मला जरा जास्तच संशय येतो.

पुडीतून चिठ्ठी पाठवणं ही काही नवी युक्ती नव्हे. म्हणून पोरगी बाहेर असताना मी जिऱ्याच्या पुडीचा कागद शोधला. चुलीपाशी नव्हता, केरात नव्हता. तो तिच्या गादीखाली सापडला, आणि त्याच्याखाली तसेच पुष्कळ, हाताने दाबून सपाट केलेले. चिठ्ठी एकाही कागदावर नव्हती. ती रंगीत चित्रकथांची पानं होती. प्रत्येकावर कुठे ना कुठे हिरव्या झग्यातली एक बाई होती, हातात आखूड काठी असलेली, आणि बहुतेक चित्रांत ती त्या काठीने जमिनीवर रेघ ओढत होती.

पोरीला समोर बसवून विचारलं. ती घाबरली, पण फिरवाफिरव केली नाही. ही पुस्तकं मुंबईहून निघतात, असं तिने सांगितलं. पुस्तकातली पुढची सगळी पानं चोर धरणाऱ्या एका नामांकित बुरखेवाल्या वीराची. त्याची गोष्ट लवकर संपली आणि पानं उरली, तर मागे ह्या बाईला जागा मिळते. काही अंकांत ती येतच नाही. एका अंकात ती नुसती गर्दीत उभी आहे, तोंड उघडत नाही. तिने ओढलेली रेघ वाईट हेतूच्या माणसाला ओलांडता येत नाही, एवढीच तिची शक्ती. पानं पुड्यांतून मागेपुढे येत होती, आणि पोरगी पानाखाली छापलेले अंकाचे आणि पानाचे आकडे पाहून ती लावत होती.

एका पानावर झगा निळा होता. ही दुसरीच कोणी असेल, असं मी म्हटलं.

"नाही बाबा, तीच आहे," ती म्हणाली. "रंग छापणाऱ्याने चुकवला. काठी पाहा, डाव्या हातात आहे. ती डावखुरी आहे."

मी सगळी पानं ताब्यात घेतली. पेन्सिलीची खूण, अक्षराखाली ठिपका, काही आहे का ते पाहायचं, म्हणून एकेक पान उजेडात धरून वाचलं. खूण सापडली नाही. बाई मात्र मला पटेना. पंच नाहीत, नकाशा नाही, शेजाऱ्याला नोटीस नाही, आणि ही रेघ ओढून मोकळी. चोर तिथे येऊन थांबतातही. माझ्या नोकरीत रेघेपाशी थांबलेला माणूस मी पाहिला नव्हता. तरी पुढच्या पानावर काय होतं ते पाहायला मी हात घातला, आणि पुढचं पान नव्हतं.

पोरीचं सांगणं ऐकून एखाद्याचं समाधान झालं असतं. माझं झालं नाही. दुकानाच्या रद्दीत वर्तमानपत्रं असतात, पोरांच्या जुन्या वह्या असतात, कोर्टाचे कागद असतात. त्यातून ह्याच बाईची पानं ह्याच पोरीला येत असतील, तर कोणीतरी ती वेचून देत होतं. मी संध्याकाळी स्वतः जाऊन जिरं आणलं. ते वर्तमानपत्रात आलं. सकाळी बायकोला पाठवलं. तेही वर्तमानपत्रात. दुपारी पोरीला मुद्दाम जाऊ दिलं. ती आली, तर पुडीवर हिरवा झगा.

वेचणारा दुपारचा होता. दादा यायच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि दुपारी त्या दुकानावर गेलो.

दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या होत्या. उरलेल्या जागेत गोणपाटाचा पडदा. ओट्यावर कोणी नव्हतं. लोणारच्या खाऱ्या तळ्याकडून वारा येत होता आणि त्याला तो नेहमीचा खारट, कुबट वास होता. मी खाकरलो. पडद्यामागून बाईचा आवाज आला, "काय पायजे?"

दुकानदार दुपारी जेवून मागच्या खोलीत झोपे आणि तेवढा वेळ त्याची बायको दुकान पाही. त्यांच्यात बायकांनी गल्ल्यावर दिसायची पद्धत नव्हती, म्हणून ती पडद्याआडून माल देई. गल्लीतल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. बसस्टँडवर उभे राहणाऱ्या पुरुषांना नव्हतं. त्यांना फळ्यांपाशी बोलत उभी असलेली पोरगी तेवढी दिसे, आणि साखरखेर्ड्याला बातमी नेणारे तेच होते.

मी छटाकभर जिरं मागितलं. तिने आवाज ओळखला असावा.

"जिरं तं तुमच्या घरी लय गेलं, भाऊ," ती म्हणाली.

मी सरळ विचारलं, माझ्या पोरीला जाणारे कागद कोण निवडतं? ती म्हणाली, मीच. मग हळूहळू सगळं बोलली. शेगावच्या एका लॉजमधून तिच्या नवऱ्याने रद्दी उचलली होती, तीत ही पुस्तकं आली. दुपारी बसून ती पानं फाडून पुड्यांसाठी कागद करायची. वाचता येत नव्हतं, पण चित्रं पाहायची.

"बाकीच्या सगळ्या बायकायले कोनी ना कोनी उचलून नेते," ती म्हणाली. "हे एकटीच कोनाच्या हाती लागत नाही. म्हून मी तिचे कागद बाजूले काढले. एक दिवस तुमच्या पोरीले म्हटलं, वाच वं माय, काय म्हंते हे बाई? तवापासून ते येते."

मग जिरं कशाला? तर रद्दी तोलून घेतलेली होती आणि नवरा ती अधूनमधून तोलून पाही. मालाशिवाय कागद बाहेर गेलेला त्याला चालला नसता. जिरं हलकं, थोडं घेतलं तरी पुडी होते. एवढ्या सगळ्या जिऱ्याला माझी बायको सुटे पैसे देत होती हेही तिच्याच तोंडून कळलं, कारण रात्रीच्या भाकरी होता होता पोरगी तिलाही गोष्ट सांगत असे.

हे बोलणं चाललं असताना पोरगी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मला पाहून थांबली. मी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हटलं, रोज करतेस ते कर. पडद्याआडून आलेल्या पुडीचा कागद धरून ती तिथेच उभी राहून वाचायला लागली. बाई काठी टेकवून चोरांना म्हणते, ह्या रेघेच्या आत पाऊल टाकू नका.

"तसं नाही म्हनत ते," पडद्यातून आवाज आला. "तोंड पाह्य तिचं. ते म्हंते, मले आत येऊ द्या असं कोनी म्हनूच नका."

"काकू, छापलंय ते वाचून राह्यली मी."

"छापनाऱ्याले काय समजते?"

बराच वेळ दोघींचं जमेना. मी ऐकत होतो. आत दडवलेलं काही असेल तर ते मला सापडलं नाही. उठताना पडद्यातून ती म्हणाली, "भाऊ, आमच्या ह्यायले सांगू नका." मी सांगणार नाही म्हटलं. घरी येऊन पोरीची पानं तिला परत दिली.

दुसऱ्या दिवशी दादा आले. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "बोल."

"बोलते ते खरं हाय," मी म्हटलं. "पन दुकानदाराशी नाही. दुपारी त्याची बायको पडद्यामागं बसते, तिच्याशी. मी सोता बसून ऐकलं."

"बाईशी रोज काय बोलते?"

"तिले वाचता येत नाही. पोरगी वाचून दाखवते. गोष्ट राह्यते."

दादांचा चेहरा पालटला. आमच्याकडे दुपारच्या वेळी बायकांना कोणी वाचून दाखवलं, तर ती पोथीच असणार, दुसरं काही कोणाच्या मनात येत नाही. "अबे, मंग आधी सांगायचं," ते म्हणाले, आणि पोरीला हाक मारून तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी गोष्ट म्हटलं होतं, पोथी म्हटलं नव्हतं. विचारलं असतं तर पानं काढून दाखवली असती. त्यांनी विचारलं नाही.

भावी सुनेला दुपारी पोथी वाचायची सवय आहे, हे दादांनी मुलाकडे असं काही सांगितलं की ते खुशीने उन्हाळ्यापर्यंत थांबले. पुढे त्याच घरात लग्न झालं, आणि सासूने पहिल्याच श्रावणात पोथी समोर ठेवली. पोरीने वाचली. वाचायचा सराव होताच.

त्याआधी मार्चात ती मेहकरच्या केंद्रावर परीक्षा देऊन आली. शेवटचा पेपर झाल्यावर बसमधून उतरली ती आधी दुकानाशी गेली आणि पुडी घेऊन घरी आली. जिरं तिने डब्यात ओतलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. बाईच्या गोष्टीचं शेवटचं पान होतं. पहिल्या चित्रात बाई रेघ ओढते. दुसऱ्यात तो नामांकित बुरखेवाला येतो, बुटाने रेघ पुसतो, चोरांना धरतो. शेवटच्यात बाई हात जोडून त्याचे आभार मानते.

मी कागद उलटून पाहिला. बाकीच्या पानांना रद्दीचा वास होता, ह्याला डांबराच्या गोळ्यांचा. तो कपड्यांच्या पेटीत राहिलेला होता. पानाखालचा आकडा पाहिला तर तो, ज्याची बाकीची पानं आम्हाला अगदी सुरुवातीला मिळाली होती, त्या अंकाचा. म्हणजे शेवट दुकानातल्या बाईच्या हाती पहिल्यापासून होता आणि परीक्षा होईपर्यंत तिने तो दाबून ठेवला होता. गोष्ट संपली की पोरगी यायची थांबेल म्हणून, की चित्र पाहूनच शेवट आवडला नाही म्हणून, हे मी विचारलं नाही. मला दोन्हींचा संशय आहे.

पोरगी कागदावर वाकली होती.

"बाबा, ह्या पानावरची चित्रं दुसऱ्याच कोणी काढलीत," ती म्हणाली. "काठी पाहा."

मी चष्मा लावला. काठी उजव्या हातात होती. गादीखालची सगळी पानं आणवून पुन्हा ताडून पाहिली. निळ्या झग्याच्या पानातसुद्धा ती डाव्याच हातात होती.

"मग ही बाई ती नव्हे," मी म्हटलं. "हे पान धरायचं नाही."

तिने तो कागद गठ्ठ्यात ठेवला नाही. बायकोने तो जिऱ्याच्या डब्याखाली घातला. डबा अजून गळ्यापर्यंत भरलेलाच होता.