खाचवालीची अठ्ठावीस मिनिटं

दिवाळीला घरी जायचं असेल तर त्याआधी तरसांचे सगळे व्हिडिओ बघून संपवायचे, असं माझं पीएचडीच्या गाइडशी ठरलं होतं. गाइड आयरिश बाई. काहीही सांगा, "ग्रँड" म्हणते, म्हणजे मस्त, छान. आयर्लंडमधल्या ॲथलोनला येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि आठवडाभरात त्या "ग्रँड"पलीकडे माझ्याशी कोणी बोलायचं नाही. जाम वैताग यायचा. मग मी स्क्रीनवरच्या तरसांशी बोलायचे.

व्हिडिओ आफ्रिकेतले. लोखंडी पेटीत मांस, पेटीला कडी. ठिपकेदार तरस ती कडी किती वेळात उघडतं, ते मी सेकंद मोजून लिहायचे. नाक पेटीला लागलं की घड्याळ सुरू. त्याआधीचा भाग मी कापूनच टाकायचे. रिकामं गवत कोण बघत बसणार? एवढी माझी अक्कल.

त्यात डाव्या कानाला खाच असलेली एक मादी होती, कळपात सगळ्यात खालची. विष्ठेतल्या हार्मोनच्या तपासणीत तिचा ताण सगळ्यांहून जास्त निघायचा, आणि पेटी मात्र ती चटकन उघडायची. ताण वाढला की डोकं चालत नाही, हे माझं छान जमून आलं होतं. हिने त्यात खोडा घातला. गाइड म्हणाली, "एखादी अशी निघते. वगळलीस तरी चालेल."

पण मी हट्टी. शनिवारी दुपारी न कापलेला व्हिडिओ लावला. खाचवाली पहिल्याच मिनिटाला आली होती. लांब झुडपापाशी बसून होती. मोठ्या माद्या येत, पेटीला दात लावत, कंटाळून निघून जात. एखादीने नुसतं वळून बघितलं तरी ही मान खाली घालून चार पावलं मागे सरकायची, पण नजर कडीवर. अशी अठ्ठावीस मिनिटं. सगळ्या गेल्यावर ती उठली आणि चाळीस सेकंदांत पेटी उघडली. माझ्या तक्त्यात फक्त ते चाळीस सेकंद होते. मला रडूच आलं.

म्हणजे सगळे व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी नागपूरला आईला फोन केला.

"येऊन राहिली ना? चकलीची भाजणी दळून आणली मी."

"नाही जमणार गं."

"काहून?"

सगळं सांगितलं. तरसासाठी दिवाळी बुडवते म्हणून चिडेल असं वाटलं होतं. पण ती चिडली नाही.

"म्हणजे ते बिचारं एकटं बसून राहिलं, तेवढा वेळ तू मोजलाच नाही."

"नाही मोजला."

"आणि तुझा तिथं कोण मोजून राहिलं?"

"ग्रँड आहे गं सगळं," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.